खाऱ्या टँकमध्ये चांदीचं पाणी : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं एकाच बाटलीबद्दल आहेत. ती बाटली कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्याची. त्यामुळे इतर विषय पुढच्या अंकावर ढकलून पूर्ण सदर तिलाच दिलं आहे. सगळे हिशेब १० पीपीएमच्या बाटलीचे आहेत. १० पीपीएम म्हणजे लिटरमध्ये १० मिलिग्रॅम, अर्थात एका मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम चांदी. तुमच्या बाटलीवर २० लिहिलं असेल तर आकडे दुप्पट धरा.

प्रश्न : २०० लिटरचा मरीन टँक आहे. दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, चार हर्मिट क्रॅब आणि सहा-सात गोगलगायी आहेत. टँगच्या अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आहेत. दुकानदाराने कोलॉइडल सिल्व्हर दिलं आणि रोज २० मिलि, सात दिवस टाकायला सांगितलं. ‘नैसर्गिक आहे, खाऱ्या पाण्यात चालतं, याने ठिपके जातातच’ असं त्याचं म्हणणं. टाकू का? (मनीषनगर)

उत्तर : नका टाकू. आधी हिशेब पाहा. २० मिलिमध्ये २०० मायक्रोग्रॅम चांदी असते. ती २०० लिटरमध्ये गेली की लिटरला १ मायक्रोग्रॅम होते. काहीच निघून गेलं नाही असं धरलं तर सात दिवसांनी ७. प्रयोगशाळेत जिवाणू मारायला चांदी साधारण लिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या पुढे. त्याच्या जवळपास पोचायचं तरी तुमच्या टँकमध्ये या बाटलीतलं पाणी २० लिटर ओतावं लागेल, आणि तेवढ्याने खारेपणा हजारी ३५ वरून ३२च्या खाली येईल. म्हणजे सांगितलेल्या डोसने रोगाला धक्काही लागत नाही. धक्का लागतो तो क्रॅब आणि गोगलगायींना. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने समुद्री जीवांसाठी चांदीची अल्पकाळाची मर्यादा लिटरला १.९ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या डोसने ती ओलांडली जाते.

तरीही ‘ठिपके जातातच’ हे दुकानदाराचं वाक्य खोटं नाही. ठिपके जातात, पण चांदीमुळे नाही. हा बहुधा मरीन इच आहे, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून गळून पडतो आणि वाळूत, दगडावर, काचेवर स्वतःभोवती कोश करतो. कोशात त्याचे शेकडो भाग होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कोश फुटतो आणि पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. आता सात दिवसांचा सिल्व्हर कोर्स याच्या शेजारी ठेवून पाहा. कोर्स संपतो तेव्हा ठिपके गेलेले असतात, बाटलीला श्रेय मिळतं आणि पंधरा दिवसांनी दहाचे शंभर ठिपके परत येतात. तोवर टँगची ताकद संपलेली असते. आम्हाला या बाटलीचा सर्वांत मोठा राग याचाच आहे. उपचाराचे जे मोलाचे आठ-दहा दिवस असतात, ते ती खाऊन टाकते.

दुसरं एक विधान वारंवार ऐकू येतं, की खाऱ्या पाण्यात चांदी मिठाशी संयोग पावून खाली बसते, मग कशाला घाबरायचं? हे अर्धंच खरं. बाटलीतली चांदी दोन रूपांत असते. एक म्हणजे धातूचे अतिसूक्ष्म कण आणि दुसरं म्हणजे विरघळलेले आयन. कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे. समुद्राच्या पाण्यात क्षार इतके असतात की तो भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, नदीचा गाळ खाडीत येताच बसतो तसेच. हे गोळे वाळूत, स्पंजमध्ये, दगडाच्या भेगांत जाऊन बसतात. आयनांचं वेगळं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. इतक्या क्लोराइडमध्ये मायक्रोग्रॅमभर चांदी खाली बसत नाही, क्लोराइडला धरून विरघळलेलीच राहते. त्यामुळे तिचा विखार कमी होतो, पण ती पाण्यातच फिरत असते.

मोठा मासा अशा पाण्यात लगेच आडवा होत नाही हेही खरं. पूर्ण खारेपणात समुद्री माशांना मारायला चांदी बहुधा लिटरला शेकडो मायक्रोग्रॅम लागते. पण समुद्री मासा सतत पाणी पितो, गोड्या पाण्यातला जवळजवळ पीत नाही. त्यामुळे कल्ल्यांसोबत त्याचं आतडंही चांदीच्या तावडीत सापडतं, तिथे पाणी शोषण्याचं काम बिघडतं आणि चांदी यकृतात साठत जाते. बाहेरून दिसतं ते एवढंच की मासा खात नाही, कल्ले भराभर हलतात, अंगावर चिकट पातळ थर येतो. हीच लक्षणं इचचीही असल्याने पुष्कळ जण डोस वाढवतात.

आता खरा उपाय. तो मुख्य टँकमध्ये करायचा नाही. ४० लिटरचा साधा काचेचा टँक घ्या. त्यात वाळू नको, दगड नको. चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि मग तुमचं मोजमाप खोटं ठरतं. लपायला प्लंबिंगच्या पीव्हीसी एल्बोचे दोन-तीन तुकडे, एक स्पंज फिल्टर, एअर पंप आणि थर्मामीटर पुरे. तिन्ही मासे हलवा, एकट्या टँगला हलवून भागणार नाही, कारण क्लाउनफिशवर ठिपके दिसत नसले तरी परजीवी कल्ल्यांत असू शकतो.

औषध तांबं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, पण संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणाला वापरतात तो पोत्यातला मोरचूद इथे चालणार नाही, त्यात इतर धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. त्याचे स्फटिक १ ग्रॅम, १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ०.२५ मिलिग्रॅम तांबं असतं. ४० लिटरला लिटरमागे ०.२० मिलिग्रॅम गाठायला ३२ मिलि लागतात. ते एकदम ओतू नका. बारा-बारा तासांनी ८ मिलि, असे चार वेळा टाका. पुढे सकाळ-संध्याकाळ कॉपर टेस्ट किटने मोजायचं आणि ०.१५ ते ०.२०च्या मध्ये ठेवायचं. ०.१५च्या खाली गेलं की परजीवी वाचतो. ०.२५च्या वर गेलं की मासा संकटात येतो. खाऱ्या पाण्यात साधं कॉपर सल्फेट हळूहळू खाली बसतं, म्हणून पातळी आपोआप उतरते आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही. कमीत कमी २१ दिवस. एखादा दिवस जरी पातळी कोसळली तरी मोजणी पहिल्यापासून सुरू करा. बाजारात मिळणाऱ्या तयार, बांधलेल्या (चिलेटेड) तांब्याच्या औषधांची पातळी वेगळी असते, काहींची तर लिटरला २ मिलिग्रॅमच्या पुढे. तिथे वरचे आकडे लावू नका, बाटलीवरचे लावा.

तांबं असलेल्या पाण्यात अमोनिया बांधणारी द्रव्यं किंवा क्लोरीन मारणारं हायपो टाकायचं नाही. त्यांनी तांब्याचं रूप बदलून ते जास्त विखारी होतं. अमोनिया चढला तर २५ टक्के पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं घालून ठेवा. मे महिन्यात हे करत असाल तर आणखी एक गोष्ट. खोलीत ३८ अंश असताना छोटा टँक सहज ३२वर जातो. २६ अंशाला समुद्राच्या पाण्यात प्राणवायू लिटरला ६.६ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ला जेमतेम ६. कल्ल्यांत परजीवी असलेल्या माशाला हा फरक जाणवतो. टँकच्या तोंडावर तिरका छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी वाफ होऊन उडतं. ती भर साध्या आरओ पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही.

मुख्य टँक या काळात माशांविना ७६ दिवस ठेवा. आकडा मोठा वाटेल, पण ७२ दिवसांनी कोश फुटल्याची नोंद आहे. क्रॅब आणि गोगलगायी तिथेच राहतील, त्यांना इच होत नाही. त्यांना अधूनमधून थोडं खाणं द्या, त्याच खाण्यावर फिल्टरचे जिवाणूही जगतील.

ठिपके मोजता येण्यासारखे नसतील, अंगावर पिवळसर पिठाची पूड मारल्यासारखं दिसत असेल आणि मासा पाण्याच्या धारेत तोंड धरून उभा राहत असेल, तर तो इच नव्हे, व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग आहे. तिथे तांबंच, पण त्याच दिवशी. व्हेल्व्हेट दोन-तीन दिवसांत मासा घेऊन जातो. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरा शेंबडासारखा थर सुटत असेल तर ब्रुकलिनेला नावाचा परजीवी असू शकतो आणि त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिन लागतं. खात्री नसेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारून पाहा. कातडीवरून काढलेला थर मायक्रोस्कोपखाली पाहिला की दहा मिनिटांत निकाल लागतो.

जाता जाता, ब्लू टँग २०० लिटरचा मासा नाही. पूर्ण वाढीला तो फूटभर होतो आणि कोंडलेल्या, घाबरलेल्या टँगवर इच सर्वांत आधी बसतो. बरा झाल्यावर त्याला मोठं घर शोधा.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी १२० लिटरच्या टँकमध्ये १५० मिलि कोलॉइडल सिल्व्हर एकदम टाकलं. आज गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडल्या आहेत, पाणी दुधाळ झालं आहे आणि अमोनिया ०.५ दाखवतोय. एवढे दिवस तो शून्य होता. मासे वरच्या बाजूला येऊन श्वास घेत आहेत. (धरमपेठ)

उत्तर : १५० मिलि म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, तुमच्या टँकमध्ये लिटरला १२.५. गोगलगायी का पडल्या ते एवढ्यावरून कळतं. अमोनियाचं कारण मात्र वेगळं. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू चांदीला फार हळवे असतात. तुम्ही ज्यांना मारायला निघालात ते रोगजंतू वाचले असतील, पण स्पंजमधली ही मंडळी आधी गेली. पाणी दुधाळ दिसतं ते मेलेल्या जिवांवर पोसणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंमुळे. ते प्राणवायूही खातात.

खाऱ्या टँकमध्ये ०.५ अमोनिया गोड्या पाण्यातल्या ०.५पेक्षा भारी पडतो. पीएच ७ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी, वायुरूप असतो. पीएच ८.२ला आणि आपल्याकडच्या उबेत तो सात ते दहा टक्के होतो.

आत्ता लगेच एअर स्टोन टाका, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) असेल तर तो चोवीस तास चालवा. पडलेल्या गोगलगायी उचलून वास घ्या. कुजका वास आला तर मेली, काढून टाका. एक मेलेली मोठी गोगलगाय एवढ्या पाण्यात पुन्हा अमोनिया चढवायला पुरेशी आहे. वास नसेल तर वेगळ्या भांड्यात नव्या खाऱ्या पाण्यात ठेवून पाहा. खाणं दोन दिवस बंद.

मग पाणी. निम्मं पाणी बदललं की १२.५चे ६.२ राहतात, उद्या पुन्हा निम्मं बदललं की ३.१, परवा पुन्हा केलं की १.६. प्रत्येक वेळी ६० लिटर लागेल, म्हणजे मरीन सॉल्ट साधारण सव्वादोन किलो. तीन दिवसांचे सात किलोच्या आसपास. आपल्या गावाला समुद्र नाही, त्यामुळे मीठ आधी मोजा आणि मग बदलायला बसा. अर्ध्यावर संपलं तर हात बांधले जातात. नवीन पाणी पंप लावून रात्रभर फिरवा. खारेपणा, तापमान आणि पीएच जुन्या पाण्याच्या बरोबर आल्यावरच ओता. घाईत घोळवलेलं मीठ माशांच्या कल्ल्यांना भाजतं.

पाणी काढताना नळी तळावरच्या गाळावरून फिरवा, कारण चांदीचे गोळे तिथेच बसलेले असतात. वाळू मात्र खोलवर ढवळू नका. स्पंज नळाखाली धुऊ नका, उरलेसुरले जिवाणू त्यातच आहेत. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन १०० ग्रॅम, आरओच्या पाण्याने धुऊन, जाळीच्या पिशवीत फिल्टरच्या धारेत ठेवा आणि चार दिवसांनी नवा घाला. जुना तसाच पडू देऊ नका. तांबं वापरलेलं नसल्याने तुमच्या टँकमध्ये अमोनिया बांधणारं द्रव्य चालेल. ओळखीच्या कुणाच्या निरोगी मरीन टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर तो आणून फिल्टरमध्ये ठेवा, आठवडाभराची वाट वाचेल. ज्या टँकमध्ये गेल्या तीन महिन्यांत रोग झाला आहे तिथला मात्र आणू नका.

काही जण विचारतील, हायपो टाकू का? प्रश्न बरोबर आहे. फोटोच्या डार्करूममध्ये फिल्मवरचे उजेड न लागलेले चांदीचे क्षार विरघळवायला वापरायचे ते हेच हायपो, सोडियम थायोसल्फेट. ते चांदीला इतकं घट्ट धरतं की माशाला तिचा विखार फारच कमी लागतो. चांदी टाकून काही तासच झाले असतील तर १०० लिटरला अर्धा ग्रॅम हायपो पाण्यात विरघळवून टाकणं शहाणपणाचं. पण ते चांदीला टँकबाहेर काढत नाही, पाणी बदलायला वेळ मिळवून देतं. तीन दिवसांनी चांदी गाळाला आणि काचेवरच्या थराला चिकटलेली असते. तुमच्यासाठी ती वेळ गेली.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतर महिनाभर थांबा. मग दोनच गोगलगायी आणा. त्या आठवडाभर काचेवर फिरल्या तर बाकीच्या.

प्रश्न : टँगच्या कुशीला दुसऱ्या माशाने चावून जखम केली आहे, कडा लाल आहेत. पाण्यात नाही टाकलं तरी जखमेवर सिल्व्हरचे थेंब लावता येतील का? (जरीपटका)

उत्तर : चांदीचा माशासाठी जो खरोखर उपयोग आहे, तो याच्या जवळपास आहे. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं एक टक्क्याचं पांढरं मलम मत्स्यवैद्य मोठ्या माशांच्या जखमांवर वापरतात. बाटलीतलं पाणी लावल्याबरोबर धुऊन जातं. मलम चिकटतं, आणि त्यातली चांदी तिथल्या तिथे काम करते. पशुवैद्यांच्या सल्ल्याने घ्या.

लावताना हात ओले हवेत. माशाचे डोळे आणि कल्ले टँकच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने झाकायचे, जखम कापसाच्या बोळ्याने टिपून कोरडी करायची, पातळ थर द्यायचा आणि अर्धा मिनिट थांबून मासा परत सोडायचा. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चाकूसारखा काटा असतो. फडक्याची एक घडी त्यावरही पाहिजे, नाहीतर तुमचीच बोटं चिरतील. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान मासा असेल तर यातलं काहीच करू नका. पकडण्याचा धसका जखमेपेक्षा वाईट. मारणारा मासा वेगळा काढा, पाणी स्वच्छ ठेवा, बहुतेक चावे आपोआप भरतात. जखम रोज मोठी होत असेल, मध्ये खड्डा पडत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग आहे. तिथे योग्य प्रतिजैविक वैद्यच ठरवतील, तेही वेगळ्या टँकमध्ये.

प्रश्न : इतवारीच्या सराफ्यातून चांदीची तार आणून, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडून घरीच कोलॉइडल सिल्व्हर केलं. टीडीएस मीटर १५ दाखवतो, म्हणजे १५ पीपीएम ना? आणि फिल्टरमध्ये चांदीचं नाणं ठेवलं तर पाणी शुद्ध राहील का? (महाल)

उत्तर : टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. ती चांदीमुळे वाहते की बाटलीबंद पाण्यातल्या खनिजांमुळे, हे त्याला ठाऊक नसतं. धातूचे कण तर त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. खरा अंदाज विजेवरून येतो. १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर तारेतून जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. अर्ध्या लिटरमध्ये ती ८ पीपीएम होईल. त्यातली काही दुसऱ्या तारेवर काळ्या भुशासारखी परत जमते, म्हणून प्रत्यक्षात कमीच. प्रवाह मोजलेला नसेल तर बाटलीत किती चांदी आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसलेला डोस टँकमध्ये जाऊ नये.

तार ९९९ची होती का हेही पाहा. दागिन्यांच्या ९२५ चांदीत साडेसात टक्के दुसरा धातू, बहुधा तांबं असतं. तेही सुटतं, आणि झिंगे-गोगलगायींना तांबं चांदीइतकंच जाचक. द्रावण पिवळसर असेल तर त्यात कण आहेत. पाण्यासारखं निर्मळ असेल तर त्यात मुख्यतः आयन. पेलाभर काढून चिमूटभर मीठ टाका. आयन असतील तर पांढुरकी झाक येते, पिवळं असेल तर रंग मरतो. बाटली खाऱ्या पाण्यात गेल्यावर काय होतं ते तुमच्यासमोर पेल्यातच दिसेल.

नाणं ठेवू नका. कलशातला चांदीचा रुपया गोड्या पाण्यात असतो. खाऱ्या पाण्यात त्याच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर धरतो, उजेडात तो काळा पडतो, आणि त्यातून थोडी थोडी चांदी टँकमध्ये उतरत राहते, कुणी न मोजता.

प्रश्न : मरीन टँक नाही, गोल्डफिश आहेत. खाऱ्या पाण्यात धोका असेल तर गोड्या पाण्यात तरी चालेल का? पांढरे ठिपके आहेत. (वर्धा)

उत्तर : गोड्या पाण्यात चांदी माशाला जास्त मारक. क्लोराइड कमी असल्याने आयन मोकळे राहतात, कल्ल्यांत शिरतात आणि शरीरात सोडियम ओढून घेणारा पंप बंद पाडतात. मासा अंगातलं मीठ गमावून मरतो. ट्राउटवरच्या प्रयोगांत लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही कमी चांदीत चार दिवसांत निम्मे मासे गेले आहेत. पाणी जितकं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, तितकं वाईट.

तुमच्या माशांना साधं जाडं मीठ चालेल. लिटरला २ ग्रॅम, दोन दिवसांत थोडं थोडं करून, दोन ते तीन आठवडे. हवा भरपूर. पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घाला, उडालेल्या पाण्याच्या भरीला नाही.

प्रश्न : मरीन सॉल्ट घोळवायला घरच्या प्युरिफायरचं पाणी वापरतो. त्यावर ‘सिल्व्हर कार्बन’ आणि ‘कॉपर’ असं लिहिलं आहे. मासे बरे आहेत, पण झिंगे दोन-तीन आठवड्यांत मरतात. संबंध असेल का? (कामठी)

उत्तर : दाट शक्यता आहे, आणि आमच्या मते तांब्याची जास्त. कार्बनमध्ये जिवाणू वाढू नयेत म्हणून त्याला चांदीचा मुलामा देतात. त्यातून चांदी अगदी थोडी सुटते. कॉपर कार्ट्रिज मात्र पाण्यात तांबं मिसळायलाच बसवलेलं असतं. दोन्ही माणसासाठी ठीक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम आहे आणि तांब्याची स्वीकार्य पातळी ५०. समुद्री जीवांसाठी अल्पकाळाच्या मर्यादा चांदीला १.९ आणि तांब्याला ४.८. तुमच्या पेल्यातलं निर्दोष पाणी झिंग्याला विष ठरू शकतं ते असं. दर आठवड्याच्या पाणीबदलात ते थोडं थोडं आत येतं, म्हणून मरण दोन-तीन आठवड्यांनी येतं.

प्युरिफायर बदलायची गरज नाही. मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीतून, पाणी जिथे बाहेर पडतं तिथे, पुढचा कार्बन, मिनरल आणि कॉपर कार्ट्रिज लागायच्या आधी, पाव इंची नळीत टी-कनेक्टर आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. सर्व्हिसवाला पंधरा मिनिटांत करून देतो. त्याला ‘मेम्ब्रेननंतर लगेच’ हे दोनदा सांगा, नाहीतर तो सवयीने शेवटच्या कार्बननंतर जोडतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिलं दोन लिटर पाणी सोडून द्या, बंद पडून राहिलेल्या मेम्ब्रेनमधून सुरुवातीला क्षार जास्त येतात. त्यानंतर टीडीएस मोजा. पेंच धरणाचं नळाचं पाणी असेल तर तो सहज खाली येतो. बोअरवेलचं असेल तर मेम्ब्रेननंतरही तीस-चाळीस राहू शकतो, मग पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणारी) नळी लावून शून्यावर आणा. मात्र टीडीएस शून्य दिसला म्हणजे तांबं नाही, असं समजू नका. ५० मायक्रोग्रॅम तांबं त्या मीटरच्या एका आकड्याच्याही खाली लपतं. ते कॉपर टेस्ट किटनेच पाहावं लागतं, तेही कमी पातळी दाखवणाऱ्या.

टँकमध्ये आधीच जमलेल्या तांब्यासाठी नव्या पाण्याने २५ टक्के बदल, आठवड्यातून दोनदा, महिनाभर करा आणि कार्बन चालू ठेवा. तोवर झिंगे आणू नका. पाणी साठवायचा ड्रम खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचा हवा, आणि त्याची तोटीही प्लॅस्टिकचीच घ्या, पितळेची नको.